चांदणी झाकली त्या संध्याकाळी

निरोप आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत भिंगं पुसून कापसात गुंडाळून ठेवत होते. प्रात्यक्षिकं संपली होती. पंखा बंद होता आणि दुपारच्या उन्हाचा एक चौकोनी तुकडा टेबलावरून भिंतीकडे सरकत चालला होता. फोन वाजला, तो पुण्याच्या संशोधक बाईंचा निरोप होता.

‘येत्या शनिवारी, संध्याकाळी सात बावन्न. सावली तुमच्या जिल्ह्यावरून जातेय. जमेल का?’

या बाई माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. दोन वर्षांपूर्वी त्या आमच्याकडे कार्यशाळा घ्यायला आल्या होत्या. मी तिथं प्रयोगशाळा सहायक. भौतिकशास्त्राच्या कपाटात कितीतरी वर्षं पडून असलेली एक दुर्बीण मी त्यांच्यासाठी बाहेर काढली होती, आरशावरची धूळ झटकली होती, गंजलेले स्क्रू सोडवले होते. त्यांनी माझ्या हातांकडे बघत विचारलं, “हे कुठं शिकलात?” मी म्हटलं, “कुठं नाही. रोज पुसते ना सगळं.” त्या हसल्या, आणि जाताना मला आकाश बघणाऱ्यांच्या आपल्या गटात सामील करून गेल्या. नंतर त्यांनी एक छोटा कॅमेरा आणि वेळ नोंदवणारी डबी वापरायला पाठवली. त्या दुर्बिणीतून मी शनीची कडी पाहिली, चंद्राचे खड्डे पाहिले. पण तारा विझलेला कधी पाहिला नव्हता.

म्हणजे तारा खराखुरा विझत नाही. नेपच्यूनच्याही पलीकडे, जिथं सूर्यसुद्धा नुसता एक टपोरा ठिपका दिसत असेल, तिथं बर्फाचे आणि दगडाचे गोळे फिरत असतात. ते आमच्या दुर्बिणीला दिसतच नाहीत. पण कधीतरी त्यांतला एखादा एका ताऱ्याच्या बरोबर समोरून जातो. मग ताऱ्याच्या उजेडात त्याची सावली पडते आणि ती सावली आपल्या पृथ्वीवरून, शेतांवरून, गावांवरून, कुणाला न कळता धावत जाते. त्या सावलीत जो उभा असेल त्याला तारा काही सेकंद दिसेनासा होतो. किती सेकंद, ते नीट मोजलं की तो न दिसणारा गोळा केवढा आहे ते कळतं. शनिवारी येणाऱ्या गोळ्याला नाव नव्हतं, नुसता एक आकडा होता.

मी ‘जमेल’ असं कळवलं आणि मग आप्पांची आठवण झाली.

आप्पा म्हणजे माझे वडील. बसस्टँडवर नियंत्रक होते. चौतीस वर्षं त्यांनी गाड्या कधी आल्या, कधी सुटल्या ते लिहिलं आणि भोंग्यावरून पुकारलं. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायची, तेव्हा खिडकीआडून त्यांचा आवाज आधी ऐकू यायचा आणि मग ते दिसायचे. आता त्यांना ऐंशीवं लागलंय. सकाळी ते ठीक असतात. पेपर वाचतात, चहात साखर कमी असल्याचं सांगतात. पण ऊन उतरायला लागलं की त्यांना आपलं घर आपलं वाटेनासं होतं. दाराशी जाऊन उभे राहतात. “मला ड्युटीवर जायचंय,” म्हणतात. अशा वेळी मी नुसती शेजारी जाऊन उभी राहते. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. शनिवारच्या संध्याकाळी त्यांना कुणाकडे ठेवावं असं घर माझ्या डोळ्यांपुढं येईना. म्हणून त्यांना बरोबर न्यायचं ठरवलं.

जागा मात्र लगेच सुचली. आमच्या कॉलेजात शिपाई म्हणून काम करून निवृत्त झालेल्या मावशी मंद्रूपला शेतावर राहतात. पंधरा वर्षं प्रयोगशाळेच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असायच्या. नकाशावर सावलीची मधली रेघ त्यांच्या रानाच्या अगदी जवळून जात होती. त्यांना फोन केला तर म्हणाल्या, “या की. आप्पांनाबी आना. हितं कुनाचा तरास न्हाय. पर ताई, येवढ्या लांबनं येऊन बगायचं काय, तर चांदनी दिसत न्हाय त्ये?”

“हो.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “या.”

शनिवारी ओळखीच्या एकाच्या व्हॅनमधून आम्ही निघालो. दुर्बीण गोधडीत गुंडाळून मागं आडवी ठेवली होती, त्यामुळं ती एखाद्या आजारी माणसासारखी दिसत होती. आप्पा खिडकीशी बसले. विजापूर रस्त्याला लागल्यावर ते एकेक थांबा पुटपुटत होते. दोन्हीकडे ज्वारी पोटऱ्यात आलेली, मधेच उसाचे फड, आणि सगळ्यावर हिवाळ्यातला तो पिवळसर पातळ उजेड. मला असं वाटत होतं की आपण कुठं जात नाही आहोत, रानंच हळूहळू आपल्या अंगावरून मागं जातायत.

व्हॅनवाला आम्हाला सोडून गेला. नऊला परत येणार होता. मावशींनी अंगण झाडून ठेवलं होतं. त्यांनी आप्पांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि माझ्याबरोबर दुर्बीण उचलायला पदर खोचून उभ्या राहिल्या. पूर्वेकडची बाजू मोकळी होती. आमचा तारा तिकडंच होता, आभाळात निम्म्यावर. नुसत्या डोळ्यांना तो दिसणारच नव्हता, दुर्बिणीतसुद्धा जेमतेम. मी तिवई रोवली, बॅटरी जोडली, लॅपटॉप बाजेवर ठेवला. सूर्य बुडाला. आधी एक चांदणी दिसली, मग चार, मग मोजायची सोय राहिली नाही.

आणि सातच्या सुमाराला पूर्वेकडच्या चांदण्या तांबूस झाल्या. आधी मला माझ्या चष्म्याचा दोष वाटला. मग वास आला.

“शेजारच्यानं पाचट पेटवलं बगा,” मावशी म्हणाल्या.

ऊस गेल्यावर रानात राहिलेला पाला जाळतात, ते पाचट. बांधापलीकडं आगीची एक लांब रेघ सरकत होती आणि वारा नसल्यामुळं धूर सरळ वर चढून आभाळात पडद्यासारखा उभा राहिला होता. आमचा तारा त्या पडद्यामागं होता. मोजून पन्नास मिनिटं राहिली होती.

“मावशी, विझवता नाही का येणार? त्यांना सांगून बघू या?”

“पेटलेलं रान कोन इजवनार ताई? त्येला काय म्हाईत तुमची चांदनी तितं हाय ती?” त्या कमरेवर हात ठेवून आभाळाकडं बघत राहिल्या. “आपनच सरकू की. त्या मोटारीच्या खोलीपाशी चला. तितनं ह्यो धूर बाजूला पडंल.”

त्यांचं बरोबर होतं. उत्तरेला दोन रानं ओलांडून विहिरीच्या मोटारीची खोली होती. तिथून बघितलं तर धूर ताऱ्याच्या उजवीकडे राहणार होता. मग आम्ही दोघी निघालो. मी दुर्बिणीची नळी छातीशी धरलेली, लॅपटॉप पाठीवरच्या पिशवीत, मावशींच्या डोक्यावर बॅटरी आणि हातात तिवई. आप्पांच्या हातात मी टॉर्च दिला. ते पुढं, आम्ही मागं. ज्वारीची पानं दोन्ही बाजूंनी अंगाला घासत होती. आप्पा मधेच थांबून, मागं वळून, आम्हाला उजेड दाखवत होते. “सावकाश,” म्हणत होते. “खड्डा आहे. सावकाश.” बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज पूर्वीसारखा वाटला.

पुन्हा सगळं मांडायला अर्धा तास गेला. आप्पांना मी खोलीच्या पायरीवर बसवलं, टॉर्च परत घेतला, शाल गुंडाळली. मग पडद्यावर तो तारा शोधत राहिले. सापडत नव्हता. बोटं गारठली होती. एकदा भलताच सापडला, नकाशाशी जुळेना. शेवटी चार ठिपक्यांचा पतंगासारखा आकार दिसला आणि त्याच्या शेपटीला एक बारीकसा, आहे की नाही असं वाटायला लावणारा ठिपका. तोच. घड्याळात सात चाळीस झाले होते. मी वेळेची डबी तपासली, चित्रण सुरू केलं, आणि पहिल्यांदा पाठ सरळ केली.

“ही का?” मावशी पडद्याजवळ वाकल्या.

“हीच.”

“येवढीशी?”

“लांब आहे.”

त्या बाजेच्या ऐवजी आणलेल्या पोत्यावर मांडी घालून बसल्या आणि त्या ठिपक्याकडं बघायला लागल्या. कुठंतरी दूर कुत्रं भुंकलं. पाचटाची आग आता शांत होत आली होती, नुसती तांबडी किनार उरली होती. सगळं इतकं स्तब्ध होतं की ती सावली खरोखरच निघाली आहे, ह्या क्षणी कुठल्यातरी समुद्रावर आहे, हे मला जवळजवळ अंगावर जाणवत होतं.

सात अठ्ठेचाळीसला मी पायरीकडं पाहिलं. तिथं शाल होती. आप्पा नव्हते.

“आप्पा?” मी हाक मारली. खोलीच्या मागं पाहिलं. विहिरीवर जाळी होती, ती जागच्या जागी होती. तरी मी वाकून आत टॉर्च मारला. पाणी चमकलं, एवढंच.

मावशी उठायला लागल्या. “तुमी थांबा ताई. तुमचं काम हाय. मी बगून येते कुटं गेले त्ये.”

एक क्षण मी थांबले. तो क्षण मला अजून आठवतो आणि त्याची लाज वाटते. मग म्हटलं, “नको. ते संध्याकाळी दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीत. मीच जाते. तुम्ही या ठिपक्याकडं बघत राहा. दिसेनासा झाला की मोठ्यानं सांगा.”

“आनि काय हात लावू?”

“कशालाच लावू नका. नुसतं बघा.”

मी रस्त्याच्या दिशेनं पळाले. का ते सांगता येणार नाही, पण ते रस्त्याकडंच गेले असणार असं वाटलं. ज्वारीतून वाट काढत, ठेचकाळत बांधापाशी आले तर ते बांधावर उभे होते. ताठ. दोन्ही हात मागं बांधलेले. समोर विजापूर रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावरून फिरून गेला आणि पुन्हा अंधार झाला. मला दम लागला होता. त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

“आप्पा, इथं काय करताय?”

त्यांनी माझ्याकडं न बघता सांगितलं, “सव्वासातची विजापूर अजून लागली नाही.”

मी म्हटलं, “येईल.”

“येईल तर खरी. पण लोक उभे आहेत ना. बायका आहेत, लेकरं आहेत. त्यांना काय सांगायचं?”

त्यांना ओढून परत नेण्यात अर्थ नव्हता. ओढलं की ते घाबरतात, मग रडतात. मी त्यांचा हात हातात घेतला. तो गार होता. आभाळात आमच्या डोक्यावर इतक्या चांदण्या होत्या की त्यांतली एक कमी झाली असती तरी कुणाला कळलं नसतं. आणि मग मागून, ज्वारीच्या पलीकडून, मावशींचा आवाज ऐकू आला. त्या मला धीर यावा म्हणून की स्वतःचंच लक्ष ढळू नये म्हणून, कोण जाणे, मोठ्यानं म्हणत होत्या,

“हाय… हाय… हाय…”

जात्यावर बसल्यासारखी एक लय लागली होती त्यांना. मी डोळे मिटले. आप्पांचा हात, गार हवा, आणि तो आवाज. “हाय… हाय…” किती वेळ गेला सांगता येत नाही.

“न्हाय!”

लय मधेच तुटली.

“न्हाय ओ ताई! गेली! गेली बगा!”

मी डोळे उघडले नाहीत. अब्जावधी मैलांवरच्या त्या बिननावाच्या गोळ्याची सावली ह्या क्षणी आमच्यावर होती. ज्वारीवर, रस्त्यावर, आप्पांच्या पांढऱ्या केसांवर. ती दिसत नव्हती, तिचा स्पर्श नव्हता. मी श्वास धरून उभी होते. मनात मोजायचं ठरवलं होतं, पण मोजलं नाही.

“आली!” मावशी ओरडल्या. आवाजात हसू होतं, रडू होतं. “आली परत! आली!”

आप्पांनी मान वळवली. “आली का?”

“आली, आप्पा,” मी म्हटलं.

त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं. मी टॉर्च धरला. “सात बावन्न,” ते म्हणाले. “सदतीस मिनिटं उशीर.” मग त्यांनी एक मोठा नि:श्वास सोडला, ड्युटी संपल्यावर सोडायचे तसा, आणि माझ्याबरोबर चालू लागले.

परत आलो तर पडद्यावर तो ठिपका जागच्या जागी होता, काही झालंच नाही असा. मावशी मात्र धावतच पुढं आल्या. “गेली हुती ओ ताई, खरंच गेली हुती. म्या पापनीबी लवू दिली न्हाय. आदी मला वाटलं, माज्याच हातनं कायतरी झालं. म्हनलं, आता ताईंला काय सांगू? आनि मग आली की ओ!” मी त्यांना मिठी मारली. पंधरा वर्षांत असं कधी केलं नव्हतं. त्यांच्या लुगड्याला धुराचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आप्पा पेपर वाचत असताना, मी चित्रण लावून पाहिलं. ठिपका होता. मग नव्हता, एकदम, कुणी बटण दाबल्यासारखा. मग पुन्हा होता. बारा सेकंद. ते मी तीनदा पाहिलं. खोटं कशाला सांगू, थोडी चुटपुट लागली. दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते घडत असताना मी पाठमोरी उभी होते, डोळे मिटून. पण ती चुटपुट दुपारपर्यंत टिकली नाही. चित्रण बघताना मला सारखं वाटत होतं की यात मावशींचा आवाज हवा होता.

संशोधक बाईंचा फोन आला तेव्हा त्या आनंदानं इतक्या भरभर बोलत होत्या की मला दोनदा विचारावं लागलं. मोडनिंबला दोन शिक्षकांनी शाळेच्या गच्चीवरून पाहिलं होतं. तिथं सात सेकंद. अक्कलकोटच्या मंडळींची बॅटरी ऐन वेळी बसली होती. मोडनिंबच्याही उत्तरेला होते त्यांना तारा अखंड दिसत राहिला, म्हणजे सावली तिथवर पोचली नाही. आमचे बारा आणि मोडनिंबचे सात, या दोन रेघांवरून त्या गोळ्याचा आकार आता काढता येणार होता.

“मॅडम, अहवालात निरीक्षकाचं नाव हवंय. तुमचंच लिहू ना?”

मी सगळं खरं सांगितलं. आप्पा, बांध, मावशी. मला वाटलं, आता ओरडा बसणार.

“मग मावशींचं नाव आधी लिहिते,” त्या म्हणाल्या. “आणि वडिलांचंही लिहिते. जागेवर हजर होते ते.”

महिनाभरानं आकृती आली. गोल नव्हती, एका बाजूला दाबलेली, अंड्यासारखी. तिचा छापील कागद घेऊन मी रविवारी आप्पांसह मंद्रूपला गेले. दुपार होती, आप्पांची चांगली वेळ. मावशींनी कागद उलटसुलट करून पाहिला. खाली तीन नावं होती, त्यांतलं आपलं त्यांनी बोटानं वाचलं.

“माजं कशाला घातलं? मी नुसतं बगत हुते की.”

“तेच तर काम होतं.”

त्या लाजल्या. मग आकृतीवर बोट ठेवून म्हणाल्या, “केवडं म्हनायचं ह्ये?”

“इथून पुण्यापर्यंत जाईल, आणि थोडं पुढं.”

“बाई गं! येवढं मोटं, आनि दिसत न्हाय?”

“फार लांब आहे. तिथं ऊन पोचत नाही नीट. सगळा बर्फ.”

“थंडी असंल मग.”

“खूप.”

“आनि येकलंच फिरतंय?”

“एकटंच.”

मावशी बराच वेळ त्या कागदाकडं बघत राहिल्या. “बिचारं,” त्या म्हणाल्या, आणि चुलीवर चहा ठेवायला उठल्या. आप्पांनी खुर्चीतूनच सांगितलं की साखर जरा जास्त टाका.